काम करवून घेणाऱ्याचा धर्म

सायंकाळची आरती आटोपली, तीर्थप्रसाद झाला, म्हणजे आपल्या सभामंडपात काही वेळ बोलणे चालते. त्या बोलण्यात एक तक्रार वारंवार कानी पडते. पेढीवाले म्हणतात, दुकानात माणूस टिकत नाही. कारखानदार म्हणतात, माणूस टिकतो, पण मन लावीत नाही. शाळांचे चालक शिक्षकांविषयी आणि गृहिणी मोलकरणीविषयी हेच बोलतात. त्याच मंडपाच्या दुसऱ्या खांबाशी बसलेली मंडळी, बहुधा वयाने लहान आणि पगाराने त्याहून लहान, हलक्या आवाजात निराळी तक्रार करीत असतात. कितीही राबले तरी धन्यास त्याची दाद नाही, असे त्यांचे म्हणणे असते. दोन खांबांमध्ये अंतर दहा हातांचे. परंतु एका खांबाशी झालेले बोलणे दुसऱ्या खांबापर्यंत पोहोचत नाही.

आम्ही दोन्ही खांबांशी बसलो आहोत. म्हणून या प्रश्नाचा नीतीच्या अंगाने थोडा विचार करावा, असे मनात आले. आमचे शिक्षण माध्यमिक शाळेपुरते आहे; व्यवस्थापनशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु प्रश्न केवळ त्या शास्त्राचा नाही. वेतन देऊन माणसाचे आठ तास घेता येतात. त्या आठ तासांत त्याने मनही ओतावे, अशी अपेक्षा धन्याने कोणत्या अधिकाराने करावी? आणि ती करावयाची, तर त्याच्याकडे कोणते कर्तव्य येते? हा धर्माचा प्रश्न आहे, आणि तो देवळाच्या पत्रिकेत विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

या तक्रारीवर सामान्यतः दोन उपाय सांगितले जातात. पहिला उपाय धाकाचा व लोभाचा : चुकला तर दंड, अधिक केले तर बक्षीस. दुसरा उपाय उपदेशाचा, आणि आपल्या समाजात तो फार प्रिय आहे. नोकराने पगारवाढ मागितली, की त्यास निष्काम कर्मयोग सांगावयाचा. ‘फळाची आशा धरू नकोस, सेवाभावाने काम कर,’ हे वाक्य आम्ही इतक्या धन्यांच्या तोंडून ऐकले आहे, की गीता जणू त्यांच्याच सोयीसाठी सांगितली गेली असावी, असा एखाद्याचा समज व्हावा.

यातील चूक शांतपणे पाहिली पाहिजे. फलत्यागाचा उपदेश भगवंतांनी अर्जुनास केला. अर्जुनाच्या श्रमाचे फळ ज्याच्या पदरात पडावयाचे होते, अशा कोणी तो केलेला नाही. कर्त्याने आपल्या मनाशी करावयाचा तो विचार आहे. शिवाय त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचा होतो. ज्याच्या हाती फळ दिलेच नाही, तो त्याचा त्याग कसा करील? त्याच्या बाबतीत त्या गोष्टीचे नाव त्याग नसून वंचना होय. स्वकर्म हीच ईश्वराची पूजा, हा विचार ज्ञानेश्वरांनी आपल्या भाषेत घरोघरी नेला आणि तो आम्हास शिरोधार्य आहे. परंतु पूजेचे फूल पूजा करणाऱ्याने स्वतः वाहावयाचे असते. दुसऱ्याच्या ओंजळीतून काढून घेतलेल्या फुलास निर्माल्याचीही योग्यता येत नाही.

तेव्हा धन्याचे पहिले कर्तव्य साधे आहे : ठरलेले वेतन योग्य असावे आणि ते वेळेवर द्यावे. यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पाच तारखेचा पगार पंधरा तारखेस देणारे सद्गृहस्थ आपल्या ओळखीत नाहीत काय? धन्यास ते दहा दिवस जाणवत नाहीत. नोकराच्या घरी मात्र त्या दहा दिवसांत वाण्याच्या उधारीच्या वहीत एक पान वाढते, मुलाची फी राहते, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसास औषधाविषयी खोटे सांगावे लागते. अशा माणसास कामावर उत्साह का वाटत नाही, असे विचारणे आम्हास निर्दयपणाचे वाटते.

तरीही वेतन दिले म्हणजे सर्व झाले, असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नोकरीत अत्यंत समाधान वाटले तो प्रसंग सांगा, आणि अत्यंत असमाधान वाटले तोही सांगा, एवढेच त्यांनी विचारले होते. असमाधानाच्या प्रसंगांत संस्थेची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, पगारातील अन्याय या गोष्टी पुढे आल्या. समाधानाच्या प्रसंगांत मात्र बहुधा निराळ्याच गोष्टी होत्या : काहीतरी पार पाडल्याचा आनंद, केलेल्याची कोणी घेतलेली दखल, अंगावर आलेली जबाबदारी, आणि प्रत्यक्ष कामाची गोडी. पुढे या निष्कर्षांवर आक्षेपही आले. चांगल्याचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाइटाचा दोष दुसऱ्यावर ठेवतो, असे टीकाकारांनी म्हटले. तो आक्षेप लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते. अन्याय दूर केल्याने कुरकुर थांबते. गोडी लागण्यास आणखी काही लागते.

ते आणखी काही कोणते, हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या बेळगावातच त्याचे एक थोर उदाहरण वाढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीची पाळी त्यांची असता ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. त्यांचे सायकलीचे दुकान बेळगावात होतेच. पुढे तेथे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर होऊ लागले. नगरपालिकेस नव्या वस्तीसाठी जागा हवी झाल्याने त्यांना बेळगाव सोडावे लागले. औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० साली त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगांनी व सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आरंभी जमीन ३२ एकर होती, आणि माणसे म्हणजे २५ कामगार व त्यांची कुटुंबे.

लक्ष्मणरावांच्या यंत्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हास त्यांच्या माणसांविषयी सांगावयाचे आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीवर नेमले, आणि ते विश्वासास पात्र ठरले. ज्यास जगाने चोर ठरविले त्याच्या हाती किल्ल्या देणे हे भाबडेपणाचे वाटेल. परंतु लक्ष्मणरावांनी त्या माणसांना केवळ मजुरी दिली नाही. गावाने आपल्यावर विसंबून निजावे, अशी जबाबदारी दिली. ज्याच्या भरवशावर शंभर माणसे झोपतात, त्याच्या मनात स्वतःविषयी काही निराळाच भाव उत्पन्न होत असला पाहिजे. ज्या धन्याने आपला हक्क डावलला जाण्याचे दुःख स्वतः नोकर असताना सोसले होते, त्यास हे उमजले असावे, असा आमचा तर्क आहे.

कोणी म्हणेल, हे एका असामान्य पुरुषाचे चरित्र झाले. मोठ्या कारखान्यात शेकडो माणसे, तेथे विश्वास कसा वाटावयाचा? त्यास अहमदाबादच्या एका मागशाळेची हकीकत उत्तर म्हणून देता येईल. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली स्वयंचलित मागांच्या एका खात्यात अडचण आली होती. यंत्रे नवी, माणसे कसलेली, तरी कापड अपेक्षेइतके निघेना व खराबही होई. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले, की २२४ मागांवर २९ माणसे होती आणि त्यांच्यात कामाचे १२ प्रकार वाटलेले होते. कोणी विणकर, कोणी कांड्या भरणारा, कोणी तेल देणारा, कोणी झाडणारा. प्रत्येकाचे काम ठरलेले होते, परंतु अमुक माग आमचे, असे म्हणू शकेल असा गट कोठेच नव्हता. सूत तुटले की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे.

उपाय असा सुचविला गेला, की माणसांचे लहान लहान गट करावेत आणि मागांचा एकेक समूह त्या त्या गटाच्या स्वाधीन करावा. कामाची वाटणी गटाने आपसांत पाहावी. ही कल्पना कामगारांपुढे येताच त्यांनी ती उचलून धरली व आपले गट आपणच बनविले. आरंभीची गडबड ओसरल्यावर कापड वाढले आणि खराबी घटली. माग तेच, माणसे तीच, गिरणीही तीच. बदल झाला तो एवढाच, की आपल्या हातचे काम कोठे सुरू होते व कोठे पुरे होते हे माणसास दिसू लागले, आणि ते बरे-वाईट होणे त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या हाती आले.

येथे आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. काही काळ आम्ही एका ओतकामाच्या कारखान्यात भांडाराची वही लिहीत होतो. तेथे साचे भरणारा एक मध्यमवयीन कारागीर होता. एके पावसाळ्यात त्याच्या लक्षात आले, की साच्यासाठी येणारी वाळू प्रमाणाबाहेर ओली आहे. ओल्या वाळूवर वितळलेले लोखंड पडले की वाफ होते, वाफेस वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते, आणि थंड झालेला भाग आतून पोकळ निघतो. त्याने हे मुकादमास सांगितले. मुकादम म्हणाला, “तुझे काम साचे भरण्याचे, वाळूचे पाहायला दुसरी माणसे आहेत.” कारागीर परत आला व साचे भरू लागला. त्या आठवड्यात पुष्कळ माल नापास होऊन पुन्हा भट्टीत गेला. आम्ही त्यास विचारले, “मामा, पुन्हा एकदा का सांगितले नाही?” तो म्हणाला, “एकदा सांगितले ते माझे होते म्हणून. आता ते माझे राहिले नाही.”

त्या कारखान्यात पगार वेळेवर होत असे. दसऱ्यास मिठाई आणि दिवाळीस बोनसही मिळत असे. पुढे मालकांनी कामगारांत उत्साह निर्माण व्हावा म्हणून बाहेरून एक व्याख्याते आणले. त्यांनी दोन तास सुंदर भाषण केले आणि तो कारागीर शेवटच्या रांगेत बसून ते ऐकत होता. त्या भाषणाने त्याच्या मनावर काय परिणाम झाला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. आम्हास तेव्हापासून असे वाटते, की उत्साह बाहेरून आणून माणसात भरावा लागत नाही. बहुतेक माणसे तो घेऊनच कामावर येतात. आपल्या हातून काही चांगले व्हावे, ही इच्छा भुकेइतकीच स्वाभाविक आहे. तो उत्साह विझविला जाऊ नये, इतके पाहणे धन्याच्या हाती असते, आणि ते फार मोठे काम आहे.

दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. विषयास धरून आहे म्हणूनच सांगतो. आमचे वडील पूर्वी ज्या गावी पूजेच्या सेवेस होते, तेथे काकडआरती पाचास होत असे आणि ते चारास देवळात जात. गाभारा धुणे, समया घासणे, फुले निवडणे हे सर्व कोणी न सांगता होई. हाताखालची दोन माणसेही त्यांच्याबरोबर येत. पुढे तेथील व्यवस्थापकांनी हजेरीपुस्तक ठेवले व पाचाची वेळ घालून दिली. वडिलांनी निमूटपणे सही केली आणि आपला क्रम सोडला नाही. पण ती दोन माणसे मात्र हळूहळू पाचास येऊ लागली. पुस्तकात पाच लिहिले होते, आणि त्याप्रमाणे त्यांचे काहीच चुकत नव्हते. आम्ही त्या वयात रागावून काही बोललो, तेव्हा वडील म्हणाले, “हिशेब ठेवणे वाईट नाही रे. देवाच्या पैशाचा हिशेब हवाच. पण सही मागणारा एकदा तरी पहाटे चारास येऊन बसला असता, तर त्यास काय लिहावे ते समजले असते.”

या वाक्यात आमच्या सर्व लेखाचे सार आहे, असे आम्ही समजतो. ज्याच्याकडून काम करवून घ्यावयाचे, त्याचे काम धन्याने जवळून पाहिले पाहिजे. काम पाहणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे. पाळत चूक शोधते; पाहणारा काम समजून घेतो. ज्याने काम समजून घेतले त्याची स्तुती दोन शब्दांची असली तरी पुरते, कारण ती कशाची आहे हे ऐकणाऱ्यास कळते. आणि त्याने चूक दाखविली तरी ती सहसा लागत नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला असा, की काही माणसे मुळातच कामचुकार असतात; त्यांच्यावर विश्वास टाकणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे. अशी माणसे असतात, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांना वेळीच समज देणे, आणि न सुधारल्यास दूर करणे, हे धन्याचे कर्तव्यच आहे. कारण चुकाराचे ओझे शेवटी धन्यावर पडत नाही, शेजारी बसून प्रामाणिकपणे राबणाऱ्यावर पडते. परंतु एका चुकारासाठी केलेला जाचक नियम जेव्हा दहा प्रामाणिकांना लागू होतो, तेव्हा चुकार त्यातून पळवाट काढतो आणि प्रामाणिकांचा मात्र अपमान होतो. शिस्त हवी, ती माणूस ओळखून हवी.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो पलीकडच्या खांबाकडून येतो. गोड बोलणे, दखल घेणे, जबाबदारी देणे ही सारी अधिक काम काढून घेण्याची नवी युक्ती नाही काय? धाकाऐवजी स्तुती, एवढाच फरक! हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा आहे. ‘आपण सारे एक कुटुंब,’ असे सभेत सांगून वाढत्या वयाच्या माणसास दुसऱ्या दिवशी निरोप देणाऱ्या संस्था आहेत. कुटुंब म्हटले की कुटुंबाची बंधने येतात. ती पाळावयाची नसतील तर तो शब्द वापरू नये. आपुलकी खरी की गळास लावलेले आमिष, हे ओळखण्याची आमच्या मते एकच कसोटी आहे. त्या आपुलकीने उत्पन्न वाढले नाही, तरी ती टिकते काय? माणूस आजारी पडला, म्हातारा झाला, धंद्यास वाईट दिवस आले, तरी धन्याचे वागणे तेच राहते काय? राहत असेल तर तो धर्म. न राहिल्यास तो व्यापार. व्यापार निंद्य नाही, परंतु त्याने धर्माचे नाव घेऊ नये.

येथवर आलो, तेव्हा आपल्या दाराकडे न पाहता लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवस्थान हेही काम करवून घेणारे आहे. आपल्याकडे सर्वत्र अशी प्रथा आहे, की देवस्थानच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने छापावीत. ते योग्यच आहे; त्यांच्या औदार्यावर देवळाचा शिखरापर्यंतचा डोलारा उभा असतो. त्याच अहवालाच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस ‘सेवकवर्ग वेतन’ अशी एक ओळ असते. पहाटे अंगण झाडणारी बाई, हार गुंफणारे, सनई व चौघडा वाजविणारे, महाप्रसादाचा स्वयंपाक करणारे, रात्रीचा राखणदार, आणि पुजारीसुद्धा, हे सारे त्या एका ओळीत सामावलेले असतात. त्यांना आपण ‘सेवेकरी’ म्हणतो. तो शब्द मोठा मानाचा आहे. परंतु वेतनाचा प्रश्न निघाला की सेवेकरी म्हणावयाचे, आणि शिस्तीचा प्रश्न निघाला की नोकर म्हणावयाचे, असे आपल्या हातून कधी होते काय, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे. आम्ही कोणावर ठपका ठेवीत नाही. आमच्या घरची चूल याच देवस्थानाच्या अन्नावर पेटते, आणि तीच गोष्ट ध्यानात ठेवून आम्ही हे लिहीत आहोत.

आमची सूचना लहान आहे. येत्या अहवालात देणगीदारांच्या यादीनंतर सेवेकऱ्यांची यादी त्यांच्या नावांसह आणि सेवेच्या वर्षांसह छापावी. वर्षातून एकदा विश्वस्तांनी त्या सर्वांना सभामंडपात बसवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. कोणत्या नळास पाणी येत नाही, कोणती पायरी निसरडी झाली आहे, उत्सवात गर्दी कोठे तुंबते, हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. या सूचनेत कोणास आमचा स्वार्थ दिसला, तर यादीतून पुजाऱ्याचे नाव वगळावे. आमच्या वडिलांना त्याचे दुःख होणार नाही, हे आम्ही त्यांना विचारून लिहिले आहे.

आणि सभासद कुटुंबांपैकी जे पेढ्या, कारखाने, शाळा चालवितात, त्यांना एवढीच विनंती आहे, की उद्या सकाळी आपल्या ठिकाणी गेल्यावर सर्वांत कमी पगाराच्या माणसाजवळ क्षणभर थांबावे, त्याच्या कामात त्यास काय नडते ते विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे. जे करता येण्यासारखे असेल ते करावे. जे करता येत नसेल ते का येत नाही, हे त्यास सांगावे. ज्या देवापुढे धनी आणि चाकर दोघेही एकाच उंबरठ्यावर डोके टेकतात, त्याची पूजा यात घडेल, असा आमचा विश्वास आहे.